पुळणीवरून गाडीत आलेलं मीठ कसं काढायचं

गेल्या जानेवारीत एका सकाळी गाडीचं मधलं दार उघडलं आणि कार्पेटवर पांढरी रेघ दिसली. ओहोटीला पाणी मागे सरताना पुळणीवर फेसाची जशी वळणावळणाची किनार राहते, अगदी तशी. ड्रायव्हरच्या सीटमागून निघून थेट दाराच्या उंबऱ्यापर्यंत गेलेली. नखानं खरवडली तर बारीक भुकटी निघाली. आणि हीच गाडी मी नोव्हेंबरात पैसे मोजून आतून धुऊन आणली होती.

आमचं सिंधुदुर्गात शिरोड्याजवळ घरगुती राहण्याजेवण्याचं आहे. पाहुण्यांना फिरवायला सात सीटची एक गाडी आहे. गाडी नवरा चालवतो, आतली स्वच्छता माझ्याकडे. त्या दिवाळीच्या सुट्टीत एक मोठं कुटुंब आलं होतं. मुलं समुद्रातून थेट गाडीत बसली, ओल्या चड्ड्या, ओल्या चपला, पायाला वाळू. मुलांना कोण काय बोलणार? शिवाय परत जाताना मंडळींनी वेंगुर्ल्याच्या बंदरावरून सुरमई आणि बांगडे घेतले, थर्मोकोलच्या खोक्यात बर्फ घालून. खोक्याचा कोपरा फुटला होता, ते आंबोलीचा घाट चढून झाल्यावर कळलं. तोवर सगळं पाणी सीटखाली.

धुऊन देणाऱ्यानं फेस फवारला, जोरात पाण्याचा मारा केला आणि तासाभरात चकचकीत गाडी हातात दिली. त्यात सुगंधही मारलेला. आठवड्यानं दारं उघडली की कुबट वास येऊ लागला आणि जानेवारीत ही पांढरी रेघ.

माझ्या वडिलांची उमेदीची वर्षं शिरोड्याच्या मिठागरात गेली. १९३० मध्ये जिथं मिठाचा सत्याग्रह झाला, तीच ही मिठागरं. बाबा गाडीपाशी आले, अंगठ्यानं ती भुकटी चोळली, जिभेला लावली आणि म्हणाले, "मीठ खंय जाणा नाय गो, ता लपान रवता." मग मला म्हणाले, ओल्या भिंतीला पांढरा लोणा लागतो ना, तसा हा कार्पेटाला लागलेला लोणा आहे. वरून कितीही पूस, आत आहे तोवर येत राहणार.

त्यानंतर मी ते कार्पेट तीन दिवस घेऊन बसले होते. आता वर्ष झालं, यंदाची थंडीही सरत आली, रेघ परत आलेली नाही. कसं केलं ते सविस्तर सांगते, कारण किनाऱ्यावर गाडी असलेल्या प्रत्येक घरात हा त्रास आहे आणि बहुतेक जण तो चुकीच्या पद्धतीनं काढतात. मीही तेच करत होते.

आधी मिठाची खोड ओळखायला हवी. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणजे सहा-सात चमचे. ओल्या कपड्यांनी पाच-सहा माणसं बसली की लिटरभर पाणी सहज गाडीत येतं. पाणी उडून जातं, ते सहा-सात चमचे कार्पेटातच राहतात. आणि मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं. स्वयंपाकघरातली मिठाची बरणी पावसाळ्यात कशी पाझरते, आपण तिच्यात तांदळाचे दाणे टाकतो, तेच इथं घडतं. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ आपलं आपण विरघळू लागतं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा त्याच्या वरच असते. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षारही असतात, ते तर याहून कितीतरी कोरड्या हवेतही पाणी धरून ठेवतात. मिठागरात मिठाचा ढीग रचला की त्याच्या तळातून कडू पाणी पाझरत राहतं, ते याच क्षारांचं. ते निथळून गेलेलं मीठ चांगलं, असं बाबा सांगतात.

म्हणून पावसाळ्यात डाग दिसत नाही, कार्पेट नुसतं दमट लागतं आणि वास मारतं. पौषात जमिनीकडून येणारे मतलई वारे सुटले, हवा कोरडी झाली, की पाणी वर येऊन उडतं आणि मीठ धाग्यांच्या टोकाशी पांढरं होऊन बसतं. डाग जानेवारीत दिसला तरी मीठ दिवाळीचंच असतं.

याच कारणानं वरवर पुसलेला डाग परत येतो. कार्पेटखाली जाड नमदा, म्हणजे दाबलेल्या तंतूंचा थर असतो. खारं पाणी त्यात मुरतं. वरचा धागा वाळला की दिव्याची वात तेल ओढते तसा तो खालचं पाणी वर ओढतो आणि पाण्याबरोबर मीठ येतं. तेव्हा डाग परत आला म्हणून धीर सोडू नका. खालचं मीठ वर येतंय, आपल्या हाताशी येतंय, असं समजा आणि पुढची फेरी करा.

आता प्रत्यक्ष काम. मॅट बाहेर काढून विहिरीवर वेगळ्या धुवा, त्यात सांगण्यासारखं काही नाही. कार्पेटवरची वाळू मात्र पूर्ण सुकू द्या. ओली वाळू झाडायला गेलात तर ती धाग्यांच्या मुळाशी जाऊन बसते. सुकली की कडक ब्रशनं, एकाच दिशेनं, दाराकडे झाडत आणा. पांढरी भुकटीही याच वेळी कोरडीच काढा. व्हॅक्यूम असेल तर उत्तम. मी पहिल्या दिवशी अर्धी वाटी वाळू आणि भुकटी काढली. जेवढं कोरडं निघेल तेवढं पाण्यात विरघळून पुन्हा आत जात नाही, म्हणून इथं घाई करू नका.

नंतर पाणी. पाणी कुठलं वापरता याला फार महत्त्व आहे. आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यात किनाऱ्याजवळच्या विहिरी मचूळ होतात, त्या पाण्यानं कार्पेट धुणं म्हणजे मीठ काढून मीठ घालणं. मी वरच्या वाडीतल्या गोड्या विहिरीचं दोन कळशा पाणी आणलं. पावसाळ्यात हे काम निघालं तर पागोळ्यांखाली पिंप लावा, पहिला पाऊस कौलं धुऊन जाऊ द्या आणि मग भरा. त्याच्याइतकं गोडं पाणी दुसरं नाही.

पाणी ओतायचं नाही. फवारायच्या बाटलीनं किंवा स्पंजनं द्यायचं. माझी रीत अशी: दोन लिटर पाणी मोजून घेते आणि एका बाजूच्या पाय ठेवायच्या जागेपुरतं थोडं थोडं देते. पाच मिनिटं थांबते, तेवढ्यात मीठ विरघळतं. मग जुना सुती पंचा चौपदरी घडी करून त्यावर ठेवते आणि अनवाणी पायानं त्यावर उभी राहते. हातानं दाबून एवढा भार पडत नाही. तळव्याला गार पाणी पंच्यातून वर येताना जाणवतं. पंचा वेगळ्या बादलीत पिळायचा, पुन्हा घडी, पुन्हा उभं राहायचं. पंचा कोरडाच निघेपर्यंत. दिलेल्या दोन लिटरातलं निदान दीड लिटर बादलीत परत आलं पाहिजे, बाकीचं पंच्यातच राहतं. परत आलं नाही तर ते नमद्यात गेलं. चोळायचं नाही, घासायचं नाही. घासलं की धागे पिंजतात आणि डाग कडेला पसरतो. आणि काम नेहमी डागाच्या बाहेरून मधे न्यायचं.

अशा मी एका बाजूला चार फेऱ्या केल्या. आता मीठ निघालं की नाही हे कळणार कसं? ही गोष्ट मला बाबांनी दाखवली आणि मला ती फार आवडते. दोन स्टीलच्या ताटल्या घ्या. एकीत चमचाभर विहिरीचं कोरं पाणी, दुसरीत पंच्यातून पिळलेलं चमचाभर. दोन्ही उन्हात ठेवा. पहिल्या फेरीची ताटली दुपारपर्यंत वाळली तेव्हा तळाला मळकट कडं आणि त्यात उन्हात चमकणारे बारीक दाणे होते. बाबांनी ती तिरपी धरून दाखवली. दाणे चौकोनी होते, अगदी पेटीसारखे. मिठाचा दाणा चौकोनीच जमतो, वाफ्यातही आणि ताटलीतही. दुसऱ्या फेरीला दाणे कमी, तिसरीला नुसतं कडं. चौथ्या फेरीची ताटली आणि कोऱ्या पाण्याची ताटली शेजारी ठेवल्या तर फरक सांगता येईना. तिथं थांबले. कोऱ्या पाण्याचंही थोडं कडं उमटतंच, म्हणून दोन ताटल्या लागतात.

व्हिनेगरबद्दल सगळे विचारतात. साधं मीठ गोड्या पाण्यानंच विरघळतं, त्याला व्हिनेगरची गरज नाही. पण दोन ठिकाणी ते उपयोगी पडतं. एक, पाण्यानं न निघणारा खडूसारखा पांढरा थर राहिला असेल तर. दुसरं, मासळीचा वास. मासळीला आपण कोकम, चिंच, लिंबू लावतो ते कशासाठी? तो वास आंबटानं मरतो. कार्पेटातही तसंच. एक वाटी पांढरं व्हिनेगर आणि तीन वाट्या पाणी, एवढंच. आधी सीटखालच्या न दिसणाऱ्या कोपऱ्यात लावून रंग उतरत नाही ना ते बघा. दहा मिनिटं ठेवून पंच्यानं दाबून काढा आणि मागून गोड्या पाण्याच्या दोन फेऱ्या द्याच, कारण आंबट पाणी पत्र्यापर्यंत गेलं तर गंज वाढतो. कोकमाचं आगळ मात्र लावू नका, त्याचा लाल डाग मिठापेक्षा चिवट. खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र घालायचा सल्लाही ऐकायला मिळतो. ते फसफसतं खरं, पण दोघं एकमेकांना मारतात आणि मागे आणखी एक क्षार राहतो. आपण क्षार काढायलाच बसलोय.

मासळीचं पाणी सांडलं असेल तर पहिल्या फेऱ्या गार पाण्यानंच करा. गरम पाण्यानं त्यातला रक्ता-मांसाचा अंश धाग्यात शिजून बसतो. नुसत्या समुद्राच्या पाण्याला कोमट पाणी चालतं, मीठ थोडं लवकर सुटतं. कपडे धुण्याची पावडर टाळा. ती पूर्ण निघत नाही, आणि तिच्या चिकटपणानं महिन्याभरात तिथं काळा पट्टा होतो. तेलकट डाग असेलच तर अर्ध्या बादलीला डोक्याच्या शांपूचे चार-पाच थेंब खूप झाले.

माझ्या गाडीत पाणी खोल गेलं होतं, त्यामुळे कार्पेट उचलावं लागलं. दाराच्या उंबऱ्यावरची प्लास्टिकची पट्टी हळूच वर ओढली की निघते, तिच्याखाली कार्पेटाची कड असते. कड उचलून हात आत घातला. नमदा हाताला थंडगार आणि बुळबुळीत लागला, दोन महिने होऊन गेल्यावरही. सीटच्या बोल्टभोवती पत्र्याला तांबूस फोड आले होते. ते बघून मला खरंच वाईट वाटलं. गाडीवर आमचं पोट आहे, आणि वरून सगळं स्वच्छ दिसत असताना खाली पत्रा खाल्ला जात होता.

सीट काढायची वेळ आली तर मेकॅनिकला बोलवा. सीटखाली तारा असतात, त्यांत पिवळ्या वेष्टणातल्या किंवा पिवळ्या सॉकेटच्या बहुधा एअरबॅगच्या. त्यांना ओढू नका, ओलं करू नका, आणि बॅटरी सोडवल्याशिवाय त्यांचा जोड उघडू देऊ नका. आमच्या ओळखीच्या मेकॅनिकनं बॅटरीची तार काढली, थोडा वेळ जाऊ दिला आणि मगच बोल्टला हात लावला. तळाच्या पत्र्याला रबरी बुचं असतात, ती खालून बघून घ्या. आत पाणी साठलं असेल तर ती काढून निथळू द्या आणि न विसरता परत घट्ट बसवा, नाहीतर पहिल्याच पावसात रस्त्याचं पाणी आत.

नमद्याखाली वीट नाहीतर लाकडाची ढलपी सारून तो उचलून धरला आणि वर कार्पेटला केलं तसंच त्यालाही केलं, फवारा आणि दाब. पत्रा गोड्या पाण्याच्या फडक्यानं तीनदा पुसला. गंजाचे फोड पॉलिश पेपरनं घासले, पूर्ण सुकल्यावर रेड ऑक्साइडचा हात मारला, वर रंग. मिठावरच रंग मारला तर तो आतून उचलून येतो, म्हणून पुसण्यात कसूर करू नका.

आता वाळवणं. धुणं कधीही करा. खारं पाणी सांडलं की त्याच दिवशी गोडं पाणी द्या, ऋतूची वाट बघू नका. पण मुरलेलं जुनं मीठ काढायचं असेल तर डिसेंबर ते फेब्रुवारी हेच दिवस. सकाळी जमिनीकडून वारा येतो तेव्हा चारही दारं उघडी टाका. दुपारी वारा फिरतो आणि समुद्राकडून खारी, ओली हवा येऊ लागते, तेव्हा दारं बंद. मिठागरातली माणसं याच वाऱ्यांवर काम बेततात. कार्पेटखाली टेबलफॅनचा वारा जाईल असं बघा. पावसाळ्यात वाळवायचं तर गाडी मोकळ्या जागेत उभी करा, बंद गॅरेजमध्ये कधीही नाही, काचा लावा आणि आतलीच हवा फिरेल असं बटण ठेवून एसी अर्धा तास चालवा. एसी हवेतलं पाणी काढतो, ते गाडीखाली ठिबकताना दिसतं. असं दिवसातून दोन-तीनदा.

वाळताना शेवटचा उरलेला लोणा वर येतो. तो पकडायला मी आईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा वापरला. गोड्या पाण्यात भिजवून, घट्ट पिळून, दोन पदरी करून कार्पेटवर चापून बसवला आणि तसाच वाळू दिला. पाणी आता कार्पेटातून न उडता लुगड्यातून उडतं, म्हणून मीठही लुगड्यात येतं. दुसऱ्या दिवशी कापड कडक, पापडासारखं झालं होतं. असं दोनदा केलं, दुसऱ्या वेळी ते मऊच राहिलं. कार्पेट हाताला कोरडं लागलं तरी मॅट लगेच टाकू नका. खाली पेपरची रद्दी सारून रात्रभर ठेवा, सकाळी पेपर कुरकुरीत निघाला तरच.

माझा भाचा कॅनडात असतो. त्याला हे सगळं फोनवर सांगितलं तर त्यानं त्याच्या गाडीचा फोटो पाठवला, तश्शीच पांढरी किनार! तिथं हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकतात, ते बुटाला लागून आत येतं. मिठानं पाणी गोठायचं तापमान खाली जातं, म्हणून ही युक्ती. फार कडाका असेल तिथं कॅल्शियम क्लोराइडही टाकतात. ते कधी नीट वाळत नाही, तेलकट ओलसर डाग राहतो. त्याला मी हेच सांगितलं: आधी कोरडं झाड, मग कोमट पाणी, दाबून काढ, आणि ते तेलकट वाटलं तरी साबण वाढवू नकोस, पाण्याच्या फेऱ्या वाढव. त्याच्याकडे हिवाळ्यात हीटरमुळे गाडीतली हवा इतकी कोरडी असते की डाग दोन दिवसांत वर येतो. आपल्यासारखं जानेवारीपर्यंत थांबावं लागत नाही, एवढं त्याचं बरं.

आता आमच्या गाडीत मागे पाच लिटरचा गोड्या पाण्याचा कॅन आणि तांब्या कायम असतो. मुलं पुळणीवरून आली की दाराशीच पाय धुतो, बसायला जाड टॉवेल देतो. मासळीचं खोकं उंच काठाच्या प्लास्टिकच्या टबात ठेवल्याशिवाय गाडी हलत नाही. खारे बांगडेही तसेच टबात, कारण त्यांच्या कागदाला पाणी सुटतं आणि ते तर निव्वळ मिठाचंच.

काम झालं की पंचे, लुगडं आणि स्पंज गोड्या पाण्यात तीनदा खळबळून, पिळून उन्हात टाका. तेवढं एक मी पहिल्या दिवशी केलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तोच पंचा ओला करून कार्पेटवर ठेवला आणि त्या फेरीच्या ताटलीत पुन्हा चौकोनी दाणे आले.